अर्धी भिंत शेंगांची, अर्धी नुसत्या पाल्याची: ठाण्यातल्या एका सोसायटीच्या चौधारीचं प्रकरण

ही हकीकत पोखरण रोडच्या बाजूच्या एका गृहनिर्माण सोसायटीतली आहे. सोसायटीचं नाव आणि माणसांची नावं गाळली आहेत. बाकी घडलं तसं लिहिलंय, माझ्या चुकांसकट. मी तिथेच राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्याच अंगाशी येणार आहे.

पार्श्वभूमी

आमच्या मागच्या कंपाउंडला साठेक फुटांची भिंत आहे. भिंतीच्या आत चार फूट रुंदीची मातीची पट्टी, त्यापुढे पार्किंग. ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीतच होतं, ते कुठे घालायचं हा प्रश्न असायचा. म्हणून आम्ही आठ-नऊ जणांनी ती पट्टी मागून घेतली. एक वर्ष भेंडी, एक वर्ष दुधी झाला. तिसऱ्या वर्षी चौधारी ही शेंगांची वेल लावायचं ठरलं.

ठरलं ते येऊरच्या पाड्यावरून भाजी आणणाऱ्या मावशींमुळे. जूनमध्ये त्यांच्या पाटीत शेवळं असतात, मग टाकळा, कुर्डू, आणि दिवाळीनंतर चौधारीच्या शेंगा. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ही शेंग कधी घरी आणलेली नव्हती. चार कडांना चार झालरी लावल्यासारखी दिसते, आडवी चिरली की चकतीला चार टोकं येतात. कोवळी असेल तर मोहरी-मिरचीच्या फोडणीवर दहा मिनिटांत शिजते, वरून ओलं खोबरं. मावशींनी आदल्या हिवाळ्यातल्या वाळलेल्या शेंगांची एक जुडी मला दिली होती. सगळं बी त्याच एका जुडीतलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

मला या वेलीचं आकर्षण वेगळ्याच कारणाने होतं. हिचं बहुतेक सगळंच खाता येतं: शेंग, कोवळा पाला, फुलं, सुकलेलं बी, आणि जमिनीखालचा कंदही. कोकणातल्या माणसाला वेलीखालचा कंद नवा नाही. कणगर, कोनफळ आपल्याकडे आहेतच. पण त्यांचा पाला कुणी शिजवत नाही, आणि शेंगा तर त्यांना नसतातच. चौधारी ही वाल-घेवड्याच्या कुळातली, मुळांवर गाठी धरून हवेतला नायट्रोजन वापरणारी, आणि वर कंदही देणारी. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तिचे कंद भाजून खातात. म्यानमारमध्ये ते मीठ घालून उकडतात आणि बाजारात विकतात, आपल्याकडे उकडलेल्या शेंगा विकतात तसे. १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एका पिकावर स्वतंत्र अहवाल काढला. बियांमधली प्रथिनं जवळजवळ सोयाबीनच्या तोडीची, म्हणून उष्ण प्रदेशांचं सोयाबीन ही असं तेव्हा बोललं जायचं. ते काही झालं नाही. का झालं नाही, याची एक दोन कारणं आमच्या भिंतीवरच दिसली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी केली. बी कठीण असतं. रात्रभर भिजवूनही काही दाणे खड्यासारखे तसेच राहिले, त्यांचं साल नेलकटरने एका बाजूला जरा खरवडलं आणि पुन्हा भिजवले. बारा बांबू, पाच-पाच फुटांवर. प्रत्येक बांबूपाशी तीन दाणे, उगवल्यावर दोन रोपं ठेवली. पहिला महिना वेल नुसती बसून राहते, काही हलत नाही. जुलैअखेरीस एकदम जी निघाली ती बांबू सोडून भिंतीवरच्या जाळीवर गेली.

अडचण

सप्टेंबर संपताना सातव्या आणि आठव्या बांबूवर फिकट निळी फुलं आली. दसऱ्यापर्यंत सहा ते बारा नंबरचे सगळे बांबू फुलले होते, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्या शेंगा खुडायला आल्या. एक ते पाच नंबरच्या बांबूंवर मात्र कळीसुद्धा नव्हती. वेली निरोगी होत्या. उलट जरा जास्तच हिरव्या, पानं तळहाताएवढी, शेंडे जाळीच्या बाहेर लोंबणारे. फूल मात्र शून्य.

तेवढ्यावर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आम्ही बांबू घरांमध्ये वाटून घेतले होते. एक ते पाच ज्यांच्याकडे होते, त्यांना शेजारच्यांच्या पिशव्या भरताना रोज दिसत होत्या. भाजीच्या पट्टीवरून सोसायटीत काय काय होऊ शकतं, ते इथे लिहीत नाही.

आधी काढलेले अंदाज

पहिला संशय बियाणावर गेला. पण बी एकाच जुडीतलं होतं आणि कोणता दाणा कुठे गेला ते कुणी ठरवलं नव्हतं. दुसरा संशय उष्म्यावर. चौधारीला फार उकाड्यात फुलं धरायला त्रास होतो हे खरं आहे, आणि ठाण्याचा ऑक्टोबर कसा असतो ते सांगायला नको. पण तोच उकाडा सात नंबरलाही होता. मधमाश्या कमी आहेत, असं एकांनी सुचवलं. अहो, मधमाशी फुलावर येते. इथे फूलच नव्हतं.

तिसरा संशय युरियावर, आणि इथे आमचं चुकलं. ऑगस्टमध्ये माळीदादांनी पट्टीला युरिया दिला होता. शेंगवर्गीय पिकाला जादा नायट्रोजन दिला की पाला माजतो आणि मुळांवरच्या गाठी कमी होतात, हे पुस्तकात आहे आणि मीच ते सभेत मोठ्या आवाजात सांगितलं. सगळ्यांना कारण सापडलं. माळीदादा मुरबाडकडचे, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येतात. त्यांना सांगण्यात आलं की यापुढे पट्टीला हात लावायचा नाही. ते काही बोलले नाहीत, फावडं धुऊन ठेवलं आणि पुढच्या बाजूच्या कुंड्यांकडे गेले.

युरिया त्यांनी आपल्या मनाने टाकलेलाच नव्हता. आमच्यातल्याच एका काकांनी आणून दिला होता, आणि सभेत ते शांत बसले होते. शिवाय युरिया बाराही बांबूंना सारखाच पडला होता. अर्ध्या भिंतीचं कोडं त्याने सुटूच शकत नव्हतं. एवढा साधा हिशेब मी सभेआधी केला नाही.

त्यानंतर नर्सरीतून 'फुलं येण्याचं औषध' आलं, त्याच्या दोन फवारण्या झाल्या. हाडांचं खत झालं. पाणी तोडून बघितलं. यात नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा गेला.

कळीचा क्षण

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी तीन नंबरच्या बांबूपाशी पाला खुडत होते. तिथे भिंतीला सोसायटीचा जुना नोटीस बोर्ड आहे, पत्र्याची पेटी, वर छोटं छप्पर. त्या पेटीच्या मागे, भिंत आणि पत्रा यांच्या फटीत एक फांदी शिरली होती. तिला दोन तुरे होते आणि एका तुऱ्याला करंगळीएवढी शेंग. पाच बांबूंमध्ये मिळून तेवढीच. मला वाटलं, सावलीमुळे असेल. पण सावलीत चौधारी फुलते असं कुठे वाचलं नव्हतं, उलट तिला ऊन लागतं.

त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला कुरियरचं पार्सल घ्यायला खाली उतरले. वॉचमनदादा पार्किंगच्या खांबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी सहज म्हटलं, "दादा, केबिनमध्ये का नाही बसत?" तर म्हणाले, "मॅडम, केबिनचा बल्ब मिणमिणतो. इथे दिवसासारखं दिसतं."

मी भिंतीकडे पाहिलं. खांबावरच्या एलईडी फ्लडलाइटचा पांढरा झोत पहिल्या बांबूपासून पाचव्यापर्यंत पडला होता. सहाव्याच्या अलीकडे पाण्याच्या टाकीचा कोपरा येतो, तिथे उजेड सुरीने कापल्यासारखा संपत होता. आणि तीन नंबरवर नोटीस बोर्डाच्या मागे काळोखाची एक पट्टी होती.

बारावीला मी फोटोपिरिऑडिझम शिकवलेलं आहे. १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं की काही झाडं दिवसाची लांबी बघून फुलतात. नंतर कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल उजेडाला जागं होतं. लहान दिवसाच्या झाडाला सलग मोठी रात्र लागते, आणि ती रात्र मध्येच उजेडाने मोडली तर झाडाच्या लेखी दिवस लांबच राहतो. शेवंतीवाले याच गोष्टीचा फायदा घेतात: फुलं उशिरा हवी असली की रात्री बल्ब लावतात. चौधारी अशीच लहान दिवसाची. ठाण्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यात दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटी अकरा तासांचा. तो बारा तासांच्या आसपास आला की, म्हणजे सप्टेंबरअखेरीस, ही वेल फुलावर येते. येऊरच्या पाड्यावर ती वेळेवर येते. आमच्या सहा ते बारा नंबरवरही आली. एक ते पाच नंबरवर अजून जूनच चालू होता.

हे सगळं डोक्यात असून मला दीड महिना लागला, कारण आम्ही सगळे मळा सकाळी सात वाजता बघणारे. रात्री तिथे फक्त वॉचमन असायचे, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

दिवा रात्री दहानंतर बंद करा, ही पहिली मागणी आमच्याच गटातून आली. सेक्रेटरींनी ती तिथल्या तिथे फेटाळली आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. वर्षभरापूर्वी पार्किंगमधून दोन स्कूटरच्या बॅटऱ्या गेल्या होत्या, त्यानंतरच हा दिवा लागला. शेवटच्या लोकलने येणाऱ्या मुली मागच्या गेटने आत येतात. "शेंगांसाठी अंधार करा असं मी सर्वसाधारण सभेत सांगू का?" असं त्यांनी विचारलं. त्याला उत्तर नव्हतं.

रोज संध्याकाळी वेलींवर काळं कापड टाकून सकाळी काढायचं, हा दुसरा पर्याय. पंचवीस फूट लांब, दहा फूट उंच जाळी. पहिले चार दिवस उत्साहाने झालं असतं. हालचाल झाल्यावरच लागणारा सेन्सरचा दिवा हा तिसरा. पण तो रात्रीतून कितीदा लागेल, आणि तेवढ्याने रात्र मोडेल की नाही, याचा भरवसा नव्हता. त्या पार्किंगमध्ये मांजरंच सात-आठ आहेत.

चौथा पर्याय पाच बांबू उपटून मेथी-पालक लावायचा. आणि पाचवा, काही न करता त्या पाच बांबूंचं पालेभाजीचं पीक म्हणून घेत राहायचं. याकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नाही, पण आज मागे वळून पाहताना तो काही वाईट नव्हता. ज्याला आम्ही नापीक म्हणत होतो, त्या वेलींचा कोवळा पाला आठवड्यातून दोनदा निघत होता. लसूण आणि मूगडाळ घालून त्याची भाजी पालकापेक्षा जरा दाट होते. आम्हाला शेंग हवी होती म्हणून पाला हिशेबात धरलाच नाही.

सहावा पर्याय दिवा तसाच ठेवून, पत्र्याचा आडोसा लावून त्याचा उजेड भिंतीवरून हटवायचा.

काय केलं

सेक्रेटरींना पत्रा लावायला सांगण्याआधी माझं म्हणणं खरं आहे का हे बघायला हवं होतं. युरियाच्या बाबतीत एकदा तोंडघशी पडले होते. गणेशोत्सवाचा जुना फ्लेक्स गच्चीवर गुंडाळून पडला होता. तो मागची काळी बाजू दिव्याकडे करून, तीन ते पाच नंबरच्या बांबूंच्या पुढे दोन काठ्यांवर असा बांधला की दिव्याचा झोत अडेल, पण दिवसा वरून ऊन येईल. एक आणि दोन नंबर मुद्दाम उजेडातच ठेवले. नाहीतर डिसेंबरच्या थंडीमुळे फुलं आली असं कुणीतरी म्हणालंच असतं.

फ्लेक्स २० नोव्हेंबरला बांधला. पंधरा दिवस काही दिसलं नाही. मुलं खाली खेळताना त्यावर चेंडू मारायची, एकदा वाऱ्याने एक दोरी सुटली आणि किती रात्री ती तशी होती ते कळलंच नाही. डिसेंबरच्या मध्यावर पाच नंबरवर पानाच्या बेचक्यात कळ्यांचा बारीक दांडा दिसला. चार दिवसांनी चार नंबरवर. एक आणि दोन नंबर तसेच हिरवेगार.

मग मी सेक्रेटरींना रात्री खाली बोलावलं. सभेत नाही, भिंतीपाशी. टॉर्चने त्यांना कळ्या दाखवल्या, मग उजेडाची कड दाखवली. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हिला झोप लागत नव्हती." फायटोक्रोमपेक्षा हे लवकर समजलं सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरला बोलावलं. फ्लडलाइट थोडा खाली वाकवला आणि भिंतीच्या बाजूला पत्र्याचा आडोसा ठोकला. खर्च चारशे रुपये. पार्किंगमध्ये उजेड उलट वाढला, कारण आधी त्यातला बराचसा भिंतीवर वाया जात होता.

निष्पत्ती

तीन ते पाच नंबरला जानेवारीत शेंगा आल्या, सहा ते बाराच्या निम्म्याही नाहीत. एक आणि दोनला जानेवारीअखेरीस फुलं धरली, पण फेब्रुवारीत ऊन तापलं आणि बरीच गळाली. हाती आल्या त्या मोजून दोन भाज्यांच्या.

कंदांचा प्रयोग दुसऱ्या टोकाला झाला. अकरा नंबरच्या घरातल्या आजींना शेंगांचं कौतुक नव्हतं, त्यांना कंद हवा होता. पापुआ न्यू गिनीत कंदासाठी लावलेल्या वेलींची फुलं आणि शेंगा खुडून टाकतात, म्हणजे ताकद खाली जाते, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि हिवाळाभर रोज फुलं तोडली, काही भातावर टाकली, काही नातीला दिली. मार्चमध्ये पाला पिवळा पडल्यावर खणलं तेव्हा त्यांच्या बांबूखाली अंगठ्याएवढे जाड, वीतभर लांब कंद निघाले. दहा नंबरखाली पेन्सिलीएवढे. एक आणि दोन नंबरखाली नुसती मुळं, कारण कंद धरायलाही या वेलीला लहान दिवसच मानवतात. कंद सोलून मीठ घालून उकडले. बटाटा आणि उकडलेली शेंग यांच्या मधली चव, जरा चिकट. दोघांना आवडले, बाकीच्यांनी चव घेतली असं म्हणू.

एक प्रसंग थोडक्यात टळला. डब्यात ठेवलेलं सुकं बी एकांनी भिजवून मोड आणून कच्चंच सॅलडमध्ये घालायची तयारी केली होती, प्रोटीन म्हणून. कच्च्या बियांत पचन अडवणारी द्रव्यं असतात. ते भिजवून, पाणी टाकून, पुरतं शिजवल्याशिवाय खाऊ नये, हे सांगायला त्यांच्या दारात रात्री नऊला जावं लागलं. आणि शिजवायचं तर किती, तर तास-दीड तास. सोयाबीनची जागा हिने का घेतली नाही, त्याचं एक कारण हे एवढं शिजवणं. दुसरं कारण ते बारा बांबू. ही वेल आधाराशिवाय नीट पिकत नाही, आणि शेतभर मांडव घालणं सोयाबीनवाल्याला परवडत नाही.

आता पुन्हा करायचं तर

पेरणीआधी एका रात्री जागेवर जाऊन उभी राहीन. पाच मिनिटं पुरतात. ऊन कुठे पडतं ते आम्ही मे महिन्यात खडूने आखलं होतं. रात्रीचा उजेड आखायचं सुचलं नाही.

फुलं नसलेल्या आणि असलेल्या बांबूंमध्ये फरक कशाचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आम्ही 'फुलं का नाहीत' विचारत बसलो, आणि त्याची उत्तरं वीस होती. 'पाचवर नाहीत आणि सहावर आहेत, ते का' याचं उत्तर त्या टाकीच्या कोपऱ्यावर लिहिलेलं होतं.

फ्लेक्स आधी बांधला असता तर कदाचित तीन ते पाच नंबरचं पीक पुरं मिळालं असतं. फवारणी आणि हाडांचं खत यांत पंधरा दिवस गेले ते गेलेच. आणि दिवा बंद करा ही मागणी गटाने सेक्रेटरींकडे नेली नसती तर बरं झालं असतं. पत्रा लावायचं म्हटल्यावर त्यांना आधी तीच मागणी नव्या वेषात आल्यासारखी वाटली, तो संशय घालवायला रात्रीची ती भेट लागली.

माळीदादांचं राहिलं. जानेवारीत मी त्यांना भेटून सांगितलं की युरियाचा दोष नव्हता, आणि असता तरी तुमचा नव्हता. काका माझ्याबरोबर आले होते, पण बोलले मीच. दादा म्हणाले, "ताई, युरिया टाकू नका म्हणून मी तवाच सांगणार होतो. पण आनून दिल्यावर काय बोलायचं?" पट्टीचं काम त्यांनी पुन्हा घेतलं, मात्र आता काही टाकायचं असलं की आधी माझ्या दाराची बेल वाजवतात. रविवारी सकाळी साडेसहालासुद्धा.

यंदाचं बी मी स्टीलच्या डब्यात ठेवलंय, अकरा नंबरचं सोडून, कारण आजींनी तिथे एकही शेंग होऊ दिली नाही. मे महिन्यात भिंतीबाहेरच्या रस्त्यावर नवे दिवे लागले. एक खांब नेमका दहा नंबरच्या समोर आहे. काल रात्री जाऊन बघून आले. भिंतीच्या वर दोन फुटांपर्यंत उजेड येतो, खाली नाही. वेल तिथे ऑगस्टमध्ये पोचते.